शिवकन्याच्या गिरणीवरची पाटी

आमच्या गल्लीत कोणती मालिका बघायची हे मुंबईत ठरत नसे, शिवकन्याच्या गिरणीत ठरत असे. यात मी तिखटमीठ लावत नाही. बावीस वर्षं धावड्याच्या शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि आज जे लिहायला बसले आहे त्यात खोटं बोलायची तर माझी हिंमतच नाही.

भोकरदनच्या बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये पिठाची गिरणी आणि गिरणीच्या दाराला एक काळी पाटी. पाटीच्या वरच्या भागात दळणाचे दर, पांढऱ्या रंगानं रंगवलेले. खालच्या भागात खडूनं लिहिलेलं ‘बघण्याजोगं’ आणि त्याखाली एका मालिकेचं नाव आणि वेळ. नाव एकच. दुसरं लिहायचं तर आधी पहिलं पुसायचं. कधीकधी दोन-दोन महिने त्या जागी ‘सध्या काही नाही’ एवढंच असायचं, आणि ते दिवस गल्लीतल्या बायकांना मोठे जड जायचे.

दळण टाकलं की पंधरा-वीस मिनिटं थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात बायका तिला विचारायच्या, आणि ती पट्ट्याकडे एक डोळा ठेवून, भुवयांवर पीठ घेऊन, चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून उत्तरं द्यायची.

“ती नवी? न्हाई गं. चार पोळ्या लाटायला भरजरी साडी नेसती ती बाई. कणीक कोण मळतं तेच ज्या घरात दाखवत न्हाईत, त्या घरातलं भांडण मी कशाला बघू?”

“सासू लई वाईट दाखवली. पण तिला दिवसभर काम काय, ते दाखवलंच न्हाई. रिकामं माणूस वाईटच होतं, त्यात काय नवल?”

“ह्या मालिकेतला बाप बघा. बोलत न्हाई काही, पण पोरगी माहेरी आली की तिच्या चपला उचलून सावलीत ठेवतो. लिवणाऱ्यानं घर पाह्यलेलं आहे.”

हे शेवटचं वाक्य मी त्याच दिवशी फोनवर माझ्या मुलीला ऐकवलं होतं. प्रियदर्शनी, आमची एकुलती एक, मुंबईत मालिका लिहिणाऱ्या लोकांच्या हाताखाली काम करते. ती म्हणाली, “आई, आमच्या मीटिंगमध्ये आठ माणसं चार तास बसतात, पण एवढं नेमकं कोणी बोलत नाही.” मला केवढा अभिमान वाटला, जणू काही ती गिरणी माझीच.

शिवकन्या मालिका सांगायची तीही माणूस बघून. चांगुणाबाई सत्तरीच्या, घरात एकट्या. त्यांना ती पोराबाळांचा गोंधळ असलेलीच मालिका सांगायची, घरात आवाज राहावा म्हणून. बेबीनंदाचं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूशी वाजलं, तर तिला म्हणाली, “तू सहा महिने सासू-सुनांचं काहीच बघू नको. तुझ्या घरी फुकट चालू आहे ना?” बेबीनंदा आधी रुसली आणि मग स्वतःच हसत सुटली.

तिचे नियम दोन. पहिला, तीस भाग झाल्याशिवाय पाटीवर नाव नाही. “शितावरून भाताची परीक्षा होती, मालिकेची न्हाई,” ती म्हणायची. “पहिले पंधरा भाग समदेच नटून येत्यात, पोरगी बघायला आलेल्या पाव्हण्यासारखे. खरा सोभाव मागून कळतो.” आणि दुसरा, पुढं काय होणार हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. कोणी पेपरात वाचून पुढची गोष्ट बोललं तर ती त्या बाईचं दळण मागं सरकवायची. “ज्यानं लिवलं त्याला सांगू द्या की. तुम्हाला काय जल्दी आहे?”

आता आमच्या दोघींचं सांगते, कारण त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

आम्ही या गल्लीत घर बांधलं त्याला अकरा वर्षं झाली. आमचं घर बुद्धविहारात जाणारं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण घरभरणीच्या जेवणाला बोलावलेल्या निम्म्या बायकांचा त्या दिवशी उपास निघाला आणि उरलेल्यांची डोकी दुखली. शिवकन्या आली. पोटभर जेवली, वांग्याची भाजी हातानं वाढून घेतली आणि निघताना म्हणाली, “ताई, उद्याला डब्यात द्या थोडी.” दुसऱ्या दिवशी गिरणीत भर गर्दीत तिनं तो डबा उघडला आणि सगळ्यांदेखत खाल्ली. त्यानंतर हळूहळू गल्लीतल्या बायकांचे उपास सुटले. हे तिनं का केलं, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शिवकन्या एकटी राहायची. नवरा वापीला कंपनीत, असं ती सांगायची. सासर कुंभार पिंपळगावचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे इकडं त्या माणसाला पाहिलेलं कोणी नव्हतं. दिवाळीत तो तिकडं येतो म्हणून ती गिरणीला कुलूप लावून चार दिवस सासरी जायची. आणि दर बाजाराच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, त्याचा फोन यायचा.

त्या फोनची सगळ्या गिरणीला सवय होती. ती चक्की थांबवायची, पदराला हात पुसायची आणि फळीवरचा बटणांचा जुना फोन उचलायची. गिरणीत घंटी कुठं ऐकू येणार, म्हणून तो थरथरीवर ठेवलाय म्हणायची. “हां, बोला. जेवलात का? मी जेवले. पट्टा बदलला मागच्या महिन्यात. डबा घेऊन जात जा हो, बाहेरचं खाऊ नका. हां. हां. ठेवते, बायका खोळंबल्यात.” मग फोन फळीवर ठेवून ती चक्की चालू करायची आणि चांगुणाबाई दर वेळी विचारायच्या, “काय म्हणतो गं आमचा जावई?” शिवकन्या म्हणायची, “बरं आहे म्हणत्यात.”

चार वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी माझे यजमान, राजानंद, घरात चक्कर येऊन पडले. बेबीनंदा धावत गिरणीत सांगायला आली. माझा फोन घरीच राहिलेला. मी घाबरून फळीवरचा फोन ओढला आणि बटणं दाबत सुटले. उजेडच येईना. हाताला घाम होता, फोन निसटला, त्याचं मागचं झाकण उघडलं. आत बॅटरी नव्हती. तिथं कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. शिवकन्यानं कमरेचा दुसरा फोन काढून माझ्या हातात दिला आणि तो जुना उचलून, झाकण लावून, होता तिथं ठेवला. डॉक्टरांना फोन लागला. राजानंद सावरले. नुसता बीपीचा त्रास निघाला.

मी तिला विचारणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी तिनंच गिरणीचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्यासमोर पोत्यावर बसली.

“ताई, तो वापीला न्हाई. पुण्यात आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं तिकडं दुसरं घर केलं. चौदा वर्षं झाली, एक फोन न्हाई.”

तिची सासू साळूबाई, तिला ती आत्याबाई म्हणते. पोटच्या पोरानं असं केल्यावर तिनं आपल्या पाटल्या मोडल्या आणि सुनेला ही गिरणी घेऊन दिली, मुद्दाम इतक्या लांब. फोनची कल्पनाही साळूबाईचीच. ती म्हणाली होती, ‘ज्या बाईला नवऱ्याचा फोन येतो, तिच्या दारात कोणी विनाकारण उभं राहत न्हाई.’ दिवाळीचे चार दिवस दोघी सासू-सुना मिळून करंज्या करायच्या, आणि तिसरं कोणी यायचं नाही.

“हे आत्याबाईला ठाऊक अन् मला,” शिवकन्या म्हणाली. “आता तुम्हाला. चौथं माणूस होऊ देऊ नका.”

“माझ्या पोटात राहील,” मी म्हणाले.

राहिलं. दोन वर्षं राहिलं. नंतर प्रियदर्शनी सुट्टीला आली, तोंड पाडून. तिनं दिलेल्या तीन गोष्टी परत आल्या होत्या. “तुझ्यात खरं काही नाही, असं म्हणतात ते,” ती म्हणाली. आम्ही दोघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आणि मी तिला बिनबॅटरीच्या फोनची गोष्ट सांगितली.

का सांगितली? पोरीचा चेहरा बघवेना, हे एक. आणि दुसरं लपवत नाही. मला ती सांगायचीच होती. इतकी चांगली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि कोणाला सांगता येत नाही, याचं मला ओझं झालं होतं. सांगितल्यावर मी म्हणाले, “कोणाला सांगू नको हं.” सगळे म्हणतात तसंच. प्रियदर्शनी कितीतरी वेळ हातातली शेंग तशीच धरून बसली होती. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दीड वर्षानं तिची पहिली मालिका ठरली. ‘हाक तुझ्या नावाची’. संध्याकाळी सात वाजता. कथा तिची एकटीची. राजानंदांनी गल्लीभर पेढे वाटले आणि मी पहिला पेढा शिवकन्याच्या तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले. पेढा गिळायच्या आधी ती उठली, पाटी पुसली, आणि पहिला भाग लागायच्याही चार दिवस आधी तिथं मालिकेचं नाव लिहिलं.

“अगं, तीस भाग?” मी विचारलं.

“आपल्या पोरीची आहे, ताई. पोटच्या पोरीला कोणी चाळणी लावतं का?”

अकरा वर्षांत तिनं स्वतःचा नियम हा एकदाच मोडला. आणि मोडला तो आमच्यासाठी.

नुसतं लिहून ती थांबली नाही. गिरणी साडेसहालाच बंद करायला लागली. जमीन झाडून, पाणी शिंपडून, पोती अंथरून ठेवायची. पोत्यांच्या थप्पीवर तिचा छोटा टीव्ही. गल्लीतल्या आठ-नऊ बायका सातच्या ठोक्याला तिथं हजर. जिला यायला जमायचं नाही तिला दुसऱ्या दिवशी दळण देताना ती दटावायची. कुंभार पिंपळगावला फोन करून साळूबाईलाही सांगितलं, “आत्याबाई, सातला लावत जा. आमच्या ताईच्या पोरीनं लिवलीये.” भाग संपला की नावं यायची, तेव्हा ती मोठ्यानं वाचायची, “कथा, प्रियदर्शनी.” रोज. मी लाजल्यासारखं करायची आणि रोज त्या क्षणाची वाट बघायची.

मालिका चांगलीच होती. साधना नावाची बाई, गावापासून लांब, शिलाईचं दुकान चालवते. अठरा भाग सगळं गोड चाललं होतं.

एकोणिसाव्या भागाच्या आदल्या दिवशी प्रियदर्शनीचा फोन आला. “आई, उद्याचा भाग चुकवू नकोस. त्यात तुझा फोन आहे.”

“माझा कुठला फोन?”

“अगं, बॅटरी नसलेला.”

मी खाली बसले. “प्रिया, ते मी तुला सांगितलं होतं गं. लिहायला नव्हतं दिलं.”

“मी सगळं बदललंय, आई. नाव बदललं, गिरणीचं शिलाईचं दुकान केलं, वापीचं दुबई केलं. कोणाला कळणार आहे?” तिला मीटिंगला बोलावलं होतं. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तीनदा गिरणीत गेले. सांगायलाच गेले होते. प्रत्येक वेळी दारात पोचले की डाळीचा डबा पुढं करायची आणि डाळ दळून परत यायची. आमच्या घरात त्या दिवशी नको असलेलं तीन किलो बेसन झालं. ‘आज मालिका बघू नको,’ एवढे चार शब्द बोलायचे होते. बावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोलणारी बाई मी, पण मला ते जमलं नाही. गोष्ट सांगितली हा माझा गुन्हा होताच. पण शिवकन्या तोंडघशी पडणार हे ठाऊक असताना मी गप्प राहिले, तो त्याहून मोठा.

सात वाजता आम्ही सगळ्या पोत्यांवर बसलो होतो. शिवकन्या टीव्हीच्या सर्वांत जवळ.

पडद्यावर साधनानं मशीन थांबवलं, पदराला हात पुसले आणि फळीवरचा फोन उचलला. “हां, बोला. जेवलात का? मी जेवले. डबा घेऊन जात जा हो, बाहेरचं खाऊ नका.” शब्द न् शब्द. मीच तर पोरीला नक्कल करून दाखवली होती. मग दुकानात कोणी नाही असं बघून तिनं फोन उलटा केला. आत बॅटरी नव्हती. पोरीनं कोळ्याचं जाळंसुद्धा सोडलं नव्हतं. पुढच्या प्रसंगात पांढऱ्या केसांची सासू साधनाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत होती, “ज्या बाईला नवऱ्याचा फोन येतो, तिच्या दारात कोणी विनाकारण उभं राहत नाही.”

“अगं बाई,” चांगुणाबाई हसत म्हणाल्या, “ही तर बिलकुल आपल्या शिवकन्यासारखी...” आणि मध्येच थांबल्या. बेबीनंदानं फळीकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांनी पाहिलं. जुना फोन तिथंच होता. मी माझ्या पायांकडे बघत होते.

शिवकन्यानं कोणाकडेच पाहिलं नाही. तिनं टीव्ही बंद केला नाही, उठून गेली नाही. शेवटपर्यंत भाग पाहिला. नावं आली. सवयीनं तिनं वाचायला तोंड उघडलं. “कथा...” एवढंच म्हणाली. पुढचं नाव तिनं उच्चारलं नाही.

मग ती उठली, पोती गोळा करायला लागली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “उद्या हरभरा दळायचाय मला. ज्वारीवाल्यांनी सकाळी लवकर या. तुमचीबी राह्यली आहे ना, मॅडम?”

अकरा वर्षांत तिनं मला ताईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

सकाळी मी ज्वारी घेऊन गेले तेव्हा ती दुसऱ्या, खऱ्या फोनवर बोलत होती. पलीकडे साळूबाई होती. तिनंही भाग पाहिला होता. सुनेनं सांगितलं म्हणूनच पाहिला होता. “न्हाई, आत्याबाई,” शिवकन्या म्हणत होती, “गल्लीत कोणालाच न्हाई. एकीलाच सांगितलं होतं. हो. एकीलाच.” तिनं फोन ठेवला आणि माझा डबा हातातून घेतला.

“शिवकन्या, माझं चुकलं गं,” मी म्हणाले.

“मी इतकी वर्षं गिरणी चालवून राह्यले, मॅडम,” ती म्हणाली. “रोज चाळीस डबे येत्यात. आजपर्यंत एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात जाऊ दिलं न्हाई.” आणि मला पुढं काही बोलता येऊ नये म्हणून चक्की चालू केली.

मी त्या दुपारी प्रियदर्शनीशी भांडले. आयुष्यात इतकी कधी भांडले नव्हते. ती रडली, मीही रडले. शेवटी ती म्हणाली, “आई, मी चोरली म्हणतेस, पण माझ्या हातात कोणी ठेवली?” पोरीनं मला फसवलं असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते, पण स्वतःला ते पटवता आलं नाही.

गल्ली वाईट वागली नाही, हे सांगायला हवं. कोणी टोमणा मारला नाही. उलट बायका तिच्याशी जास्तच गोड बोलायला लागल्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. तेच तिला सोसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात बसणारे दोन रिकामटेकडे आता दळण नसताना गिरणीसमोर येऊन उभे राहायला लागले. एकानं एकदा हसत विचारलं, “वापीची हवा काय म्हणते?” साळूबाईनं पाटल्या मोडून जी आडकाठी उभी केली होती ती मी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मोडली होती. शिवकन्यानं दाराला आतून कडी बसवून घेतली आणि दिवेलागणीच्या आत गिरणी बंद करायला लागली.

त्यानंतरचा पहिला बाजाराचा दिवस मला आठवतो. बारा वाजले. गर्दी होती. चक्की चालूच राहिली. सगळ्या बायका कुठंतरी दुसरीकडं बघत होत्या. चांगुणाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला. शिवकन्या चक्कीच्या तोंडात धान्य ढकलत राहिली. फळीवर फोनच्या जागी धुळीत त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला होता.

एक गोष्ट मात्र मला कळेना. पाटीवरचं मालिकेचं नाव तिनं पुसलं नव्हतं. बेबीनंदानं तर मला विचारूनही पाहिलं, “पुसू का मी?” शिवकन्यानं ते ऐकलं आणि म्हणाली, “राहू दे. एकदा नियम मोडला तेवढं बस. तीस भाग होऊ दे, मंग सांगते कशी आहे ती.” ती घरी एकटी रोज सातला ती मालिका बघत होती. स्वतःचीच फजिती रोज अर्धा तास बघायची, आणि तरी मत देताना घाई करायची नाही. हे मला मेलं तरी जमलं नसतं.

तिसावा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेले. गिरणीत चांगुणाबाई आणि दोन-तीन बायका होत्या. शिवकन्यानं चक्की थांबवली.

“मॅडम, एक विचारू?”

“ताई म्हण गं मला.”

ते तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. “मालिकेत पुढं काय होतं?”

बायका चपापल्या. पुढचं विचारणाऱ्या बाईचं दळण मागं सरकवणारी ही, आणि आज हीच विचारत होती. मला ठाऊक होतं. प्रियदर्शनीनं समेट करायला फोन केला होता तेव्हा सांगितलं होतं. नाही सांगितलं तर दुसऱ्यांदा गप्प राहिल्यासारखं झालं असतं.

“तो परत येतो,” मी म्हणाले.

“कोण?”

“तिचा नवरा. पाडव्याच्या भागात. पाया पडून माफी मागतो, आणि ती त्याला घरात घेते. प्रियदर्शनीच्या मनात नव्हतं. वरच्या लोकांनी सांगितलं. बायकांना असंच आवडतं म्हणे.”

“कोणत्या बायकांना?”

मी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

“मी तुम्हाला सांगितलं, तवा तो परत आल्ता का?”

“नाही.”

“मी त्याला घरात घेतलं असतं, असं बोलले होते का मी?”

“नाही गं.”

“मंग?” ती म्हणाली. “नेलं ते नेलं, मॅडम. माझं नाक कापलं, तेबी सोसलं. वाटलं, चला, खरी तर लिवलीये पोरीनं. तीस भाग बघा तिचे, कुठं खडा न्हाई. मी एकटीच बसून रोज म्हणायचे, बराबर आहे, असंच असतं. पण निदान नेलं तसं तरी ठेवायचं. मी अठरा वर्षं ज्याच्याशिवाय उभी राह्यले, त्याला तुम्ही माझ्या दारात आणून सोडला.”

तिनं बादलीतलं फडकं पिळलं, बाहेर गेली आणि पाटीवरचं नाव पुसलं. एका हातात निघालं नाही, खडू फार दिवसांचा होता. दोनदा, तीनदा घासलं. मग सुकायची वाट बघितली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘सध्या काही नाही’.

पाडव्याचा भाग सगळ्या जिल्ह्यानं पाहिला. प्रियदर्शनीला दुसरी मालिका मिळाली. राजानंदांनी या खेपेला पेढे आणले नाहीत.

आता बाजाराच्या दिवशी बारा वाजले की गिरणीतल्या बायका फळीकडं बघत नाहीत, रस्त्याकडं बघतात. चांगुणाबाईंनी तर तिचा हात धरून सांगितलं, “येईल गं तुझाबी. टीव्हीत आला न्हाई का? मन मोठं ठेव.” म्हातारीनं ते मायेनंच सांगितलं. शिवकन्यानं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, “दळण झालं, मावशी. डबा उचला.”

मी अजून तिच्याकडंच दळते. दुसरी गिरणी लांब नाही, पण तिकडं जायला तोंड कुठं आहे मला? ती माझा डबा घेते, नंबर लावते, माझ्याशी एक शब्दही जास्तीचा बोलत नाही. झालं की म्हणते, “मॅडम, तुमचं झालं.” मी घरी येऊन झाकण उघडते. आत माझंच पीठ असतं, चिमूटभरही कमी नाही.